बंद दरवाजाशी धरलेले धरणे

मराठी माणसाच्या तोंडी ‘परदेशी’ हा शब्द साता समुद्रांपलीकडच्या मनुष्याला उद्देशून क्वचितच येतो. उत्तर हिंदुस्थानातून जो पोटापाण्यासाठी वा फौजेतल्या चाकरीसाठी आला आणि इकडचाच होऊन राहिला, त्याला आपल्या वाडवडिलांनी परदेशी म्हटले; अशी माणसे ज्या वस्तीत शेजारीशेजारी नांदू लागली तिचे नावही मग त्यांच्यावरूनच पडत गेले. इंदूरचा परदेशीपुरा मालवा मिलचा चौक आणि पाटनीपुरा ओलांडला की लागतो. माझे बालपण या वस्तीतले. माळव्याच्या खेड्यांतून, संयुक्त प्रांतातून, राजपुतान्यातून आणि आमच्यासारखी खानदेशातून आलेली कुटुंबे एकाच गल्लीत राहत, एकाच नळावर पाणी भरत, आणि गिरणीचा भोंगा वाजला की एकाच दिशेने चालू लागत. घड्याळ फार थोड्यांच्या घरी होते. दिवसाचे प्रहर भोंगाच सांगे. वडील साचेखात्यात कामाला होते. रात्रपाळी करून ते पहाटे परतत तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू बसलेले असत, आणि आई त्यांना अगोदर अंगणात उभे करून पदराने ते झटकी, मगच घरात घेई.

या परदेशीपुऱ्यातून मी गेल्या वर्षी ऑगस्ट महिन्यात खऱ्याखुऱ्या परदेशात, पोलंडच्या बाल्टिक किनाऱ्यावरील ग्दान्स्क या बंदरगावी गेलो. मुलीची नोकरी त्या देशात असल्याने प्रवासाचे निमित्त घरगुतीच होते. परंतु ज्या जहाजकारखान्यातील कामगारांनी एकही गोळी न झाडता आपला देश मोकळा करण्याचा आरंभ केला, तो कारखाना पाहण्याची इच्छा तरुणपणापासून मनात होती. तो पाहून आल्यापासून इंदूरच्या बंद गिरण्यांकडे मी पूर्वीच्या डोळ्यांनी पाहू शकत नाही, म्हणून हा लेख.

कारखान्याच्या आवारालगत 2014 च्या ऑगस्टअखेर उघडलेली, त्या लढ्याच्या संग्रहालयाची इमारत प्रथमदर्शनी अपुरीच राहिलेली वाटते. तिच्या भिंती गंजलेल्या पोलादी पत्र्यांच्या आहेत, आणि तो गंज मुद्दाम राखलेला आहे, कारण बांधणी चालू असलेल्या जहाजाच्या बाजू तशाच दिसतात. आत शिरताच झाडे लावलेले मोठे दालन लागते, आणि तेथून वर गेल्यावर पहिल्याच खोलीत मनुष्य थबकतो, कारण डोक्यावर छताऐवजी कामगारांची शेकडो शिरस्त्राणे ओळीने टांगलेली असतात. त्यांच्याखाली क्रेनची एक केबिन ठेवलेली आहे. आना वालेन्तिनोविच ही बाई असल्या केबिनीत बसून वर्षानुवर्षे काम करीत असे. सेवानिवृत्तीस अवघे पाच महिने उरले असताना, स्वतंत्र कामगार संघटनेचे काम करते म्हणून, 7 ऑगस्ट 1980 रोजी तिला बडतर्फ करण्यात आले, आणि तिला परत कामावर घ्या या मागणीसाठी 14 ऑगस्टला पहाटेच्या पाळीने यंत्रे थांबवली. लेख वालेसा हा पूर्वीच कामावरून काढलेला वीजतंत्री त्या दिवशी कारखान्यात येऊन संपाच्या अग्रभागी उभा राहिला, हे जगाला ठाऊक आहे. पण त्या संपाचे मूळ एका प्रौढ बाईच्या बडतर्फीत होते, ही गोष्ट संग्रहालयाने पहिल्याच खोलीत सांगावी याचे मला समाधान वाटले.

दोनच दिवसांनी, 16 ऑगस्टला, तो संप जवळजवळ मोडला होता. व्यवस्थापनाने पगारवाढ कबूल केली, वालेसांनी संप मिटल्याचे सांगितले, आणि माणसे घरी निघाली. परंतु ज्या छोट्या कारखान्यांनी ग्दान्स्कच्या भरवशावर संप पुकारला होता त्यांचे काय, असा प्रश्न करीत आना वालेन्तिनोविच, आलिना पियेन्कोव्स्का ही परिचारिका आणि शहरातली ट्राम मध्येच उभी करून संपात आलेली हेन्रिका क्शिवोनोस या बायका दरवाजांकडे धावल्या, त्यांनी निघालेल्यांना थोपवले, आणि जे थांबले त्यांच्या बळावर संप पुन्हा उभा राहिला. हातात आलेली पगारवाढ बाजूला ठेवून दुसऱ्याच्या मागणीसाठी थांबणे ही गोष्ट लिहायला सोपी आहे. गिरणी कामगाराच्या घरात महिनाअखेर पाहिलेल्या माणसाला तिची किंमत विचारावी.

पुढच्या दालनात लाकडाच्या दोन साध्या फळ्या आहेत. त्यांवर हाताने लिहिलेल्या एकवीस मागण्या कारखान्याच्या दरवाजा क्रमांक दोनवर टांगल्या होत्या, आणि 2003 साली युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्यात त्यांची नोंद केली. पहिली मागणी सरकार व पक्ष यांपासून स्वतंत्र असलेल्या कामगार संघटनांची होती, आणि तिच्या पाठोपाठ संपाचा हक्क, छपाईचे स्वातंत्र्य, राजबंद्यांची सुटका आणि मांसाचा पुरवठा, बाळंतपणाची रजा, शनिवारची सुटी अशा मागण्या एकाच यादीत येतात. स्वातंत्र्य आणि संसार यांच्या याद्या वेगळ्या करण्याची गरज त्या माणसांना भासली नाही. 31 ऑगस्टला सरकारच्या वतीने उपपंतप्रधान यागिएल्स्की यांनी त्या मागण्यांवर झालेल्या करारावर सही केली. वाटाघाटी चालू असताना प्रत्येक शब्द ध्वनिक्षेपकावरून कारखानाभर ऐकवला जात होता, म्हणजे बंद खोलीतली मसलत अशी काही राहिलीच नव्हती. त्या काळात कारखान्यात दारूलाही बंदी होती.

आणि कोणी दरवाजाबाहेर पडत नव्हता. यामागे एक जुनी जखम होती. 1970 च्या डिसेंबरात याच किनाऱ्यावरचे कामगार महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, आणि सैन्याच्या गोळीबारात चाळीसहून अधिक माणसे मारली गेली. दहा वर्षांनी त्यांनी धडा घेतला तो असा, की रस्त्यावर जायचेच नाही. यंत्रांपाशी, दरवाजाच्या आत, बसून राहायचे. गोळी झाडण्याचे निमित्तच सत्तेला मिळू द्यायचे नाही. त्या मृतांच्या स्मरणार्थ 42 मीटर उंचीचे तीन क्रूस दरवाजासमोर उभे आहेत. कामगारांनी ते सत्तेकडून मागून घेतले आणि 16 डिसेंबर 1980 रोजी उभे केले. या संपातून जन्मलेल्या सॉलिडॅरिटी या स्वतंत्र संघटनेचे सभासद पुढे एक कोटीच्या घरात गेले. 1981 च्या डिसेंबरात, 12 तारखेची रात्र उलटून 13 तारीख लागली तेव्हा लष्करी कायदा पुकारला गेला, हजारोंना स्थानबद्ध केले गेले, संघटना बेकायदा ठरली. तरी माणसांनी हाती शस्त्र घेतले नाही, आणि 1989 च्या फेब्रुवारीत सरकारला त्याच माणसांसमोर एका गोल मेजाशी बसावे लागले. जूनमध्ये निवडणूक झाली व राज्य बदलले.

त्या दालनांतून हिंडताना ‘धरणे’ हा आपला शब्द माझ्या मनातून हलेना. आज धरणे म्हणजे मंडप, फलक आणि निवेदन. पण मराठेशाहीत त्या शब्दाला फार कठोर अर्थ होता. ज्याचे येणे थकले तो धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे, आणि तो तेथे बसला असेतो घरधन्यालाही अन्न घेणे अप्रशस्त ठरे. तुंबलेल्या पगारासाठी फौजेतले शिपाई आपल्या सरदाराच्या तंबूशी असेच बसत. 1809 साली शिंद्यांच्या छावणीतून पत्रे लिहिणाऱ्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने या प्रथेची हकीकत सविस्तर दिली आहे. कंपनी सरकारने पुढे फर्माने काढून ती प्रथा गुन्हा ठरवली. ज्याच्यापाशी शरीराखेरीज दुसरे काही उरले नाही त्याने ते शरीर दुसऱ्याच्या दारात आणून ठेवायचे, कोणाला इजा करायची नाही, आणि उठायचे नाही, हे त्या प्रथेचे मर्म. ग्दान्स्कचे कामगार दाराच्या आत बसले. इंदूरचे कामगार दाराबाहेर बसले, आणि ते सतरा-अठरा दिवस नव्हे, बत्तीस वर्षे.

इंदूरच्या गिरण्यांचा इतिहास तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या कारकिर्दीत, दरबारने स्वतः काढलेल्या कापडगिरणीपासून सुरू होतो. पुढे 1909 मध्ये मालवा मिल, 1915 मध्ये सर सेठ हुकुमचंद यांची हुकुमचंद मिल, आणि त्यानंतर स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल व नंदलाल भंडारी या गिरण्या निघाल्या. या कामगारांना अहिंसक संघटनेची दीक्षा मिळाली ती अहमदाबादकडून. तेथील गिरण्यांचा तंटा गांधीजींच्या तीन दिवसांच्या उपोषणानंतर 18 मार्च 1918 रोजी मिटला. मजुरांची बाजू अनसूयाबेन लढवीत होत्या, आणि मालकांच्या अग्रभागी त्यांचेच बंधू अंबालाल साराभाई होते. त्यानंतर अकराच दिवसांनी, 29 मार्चला, गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून इंदुरात होते. भाषेच्या इतिहासात त्या संमेलनाची नोंद सर्वत्र आढळते. परंतु संपाच्या उपोषणाचा थकवा अंगावर असलेला तो मनुष्य गिरण्यांच्या या गावात आला होता, हे मला अधिक स्मरणीय वाटते. पुढे इंदूर मिल मजदूर संघ अहमदाबादच्या मजूर महाजन या कामगार संघटनेच्या वळणावर चालला, श्रमशिविर हे त्याचे ठाणे झाले, आणि व्ही. व्ही. द्रविड यांच्यासारखा त्या परंपरेतला नेता राज्याच्या कामगारमंत्रिपदापर्यंत पोहोचला. दुसऱ्या बाजूने लाल बावट्याचे होमी दाजी याच वस्त्यांच्या बळावर 1962 मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. दोन्ही पक्षांची माणसे आमच्या गल्लीत होती. निवडणुकीत त्यांची बोलाचाली बंद होई, आणि कोणाच्या घरी मयत झाली की तिरडीला दोन्हीकडचे खांदे लागत. परदेशीपुऱ्याला लागून असलेल्या नंदानगर या कामगारवसाहतीला गुलझारीलाल नंदांचे नाव आहे. नंदा हे अहमदाबादच्या मजूर महाजनाचे अनेक वर्षे चिटणीस होते, हे त्या वसाहतीत आज राहणाऱ्या तरुणांना कोणीतरी सांगायला हवे.

12 डिसेंबर 1991 रोजी हुकुमचंद मिल बंद पडली. हीच तारीख 1930 साली मुंबईच्या काळबादेवी रस्त्यावर विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेल्या बाबू गेनू या गिरणी कामगाराच्या मृत्यूची आहे, आणि पोलंडवर लष्करी कायद्याची रात्र उतरली तीही हीच. तारखांना स्वतःचा अर्थ नसतो हे मी जाणतो. तरी डिसेंबरचा तो दिवस आला की मला तिन्ही ठिकाणांची माणसे एकदम आठवतात.

1991 च्या त्या दिवशी हुकुमचंद मिलची 5,895 माणसे पाळीवरून घरी गेली ती पुन्हा कामावर आली नाहीत. पगार, ग्रॅच्युइटी, सारे येणे थकले. गिरणी अवसायनात गेली, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात दावा चालला, आणि 2007 मध्ये कामगारांचे येणे सुमारे 229 कोटी रुपये ठरवले गेले. येणे ठरले, पण पैसा उभा राहायचा होता तो गिरणीच्या सुमारे 42 एकर जमिनीतून. त्या जमिनीच्या लिलावाला गिऱ्हाईक मिळेना, जमीन कोणाच्या मालकीची यावर अर्जफाटे होत राहिले, तारखा तहकूब होत गेल्या. मध्यंतरी काही रक्कम हप्त्याहप्त्याने मिळाली. या साऱ्या काळात कामगार दर रविवारी गिरणीच्या दरवाजाशी जमत. न्यायालयात काय झाले, पुढची तारीख कोणती, या आठवड्यात कोण गेला, एवढेच तिथले कामकाज. सभेला सुरुवातीस जागा पुरत नसे आणि पुढे पुढे ती मोकळी पडू लागली, कारण वाट पाहता पाहता दोन हजारांहून अधिक कामगार मरण पावले. मग त्यांच्या विधवा येऊन बसू लागल्या. एवढ्या वर्षांत त्या दरवाजाला त्यांनी कधी आग लावली नाही.

रविवारीच का, असे मी एकदा वडिलांच्या एका सोबत्याला विचारले होते. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. ते म्हणाले, “अरे, गिरणीत होतो तेव्हाची सवय. सुटी तीच ना आमची!” गिरणी बंद झालेल्या माणसाला आठवड्याचे सातही दिवस सुटीचेच असतात; तरी त्यांनी आपली सुटी राखून ठेवली होती. आणि ती सुटीही कोणी दान दिलेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारून मागणी लावून धरली, आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुटी मिळाली. ग्दान्स्कच्या फळीवरची शनिवारच्या सुटीची मागणी वाचताना मला लोखंड्यांचीच आठवण झाली होती. एका पिढीने शांततेच्या मार्गाने मिळवलेला दिवस दुसऱ्या पिढीने शांततेच्या लढ्याला वाहिला.

अखेरीस मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळ व इंदूर महापालिका यांच्या तडजोडीने मार्ग निघाला, आणि 25 डिसेंबर 2023 रोजी आमच्याच भागातील कनकेश्वरी धामच्या कार्यक्रमात सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश हवाली करण्यात आला. पंतप्रधान दूरदृश्य प्रणालीने त्यात सहभागी झाले होते. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले गेले, आणि पेढा हातात घेऊन काही बायका रडत उभ्या होत्या.

ग्दान्स्कचे संग्रहालय पाहताना मी हिशेब मांडीत होतो, की आमच्याकडे असे काय आहे जे काचेआड ठेवता येईल. पितळेचे नंबर कोरलेले बिल्ले आहेत. ते कोणी देवघरात ठेवले आहेत आणि कोणी मोडीत घातले. हजेरीची कार्डे आहेत, फंडाच्या पावत्या आहेत, दाव्याच्या दस्तऐवजांच्या नकला पत्र्याच्या पेट्यांत आहेत. मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर उद्या इमारती उठतील, त्या उठायलाही हव्यात, कारण कामगारांचे येणे त्याच जमिनीतून फिटले. परंतु निदान तो दरवाजा, त्याच्यासमोरची बसण्याची जागा, आणि भोंगा जिथे कुठे असेल तो भोंगा, एवढे तरी राखावे, अशी माझी या शहराच्या कारभाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. होळकरांचा राजवाडा आपण आगीतून आणि पडझडीतून पुन्हा उभा केला. राजवाड्याभोवतीचे शहर ज्यांच्या पगारावर चालले त्यांचा एक दरवाजा राखणे जड जाऊ नये.

अर्थात गिरण्यांची एक गोष्ट इंदूरने जिवंत ठेवली आहे, आणि ती वर्षातून एका रात्री रस्त्यावर येते. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हुकुमचंद मिलच्या गणपतीपासून ही प्रथा सुरू झाली, मग प्रत्येक गिरणीची झांकी निघू लागली, आणि जेल रोड, जवाहर मार्ग, सीतलामाता बाजार, खजुरी बाजार, राजवाडा असा फेरा घालीत, पुढे आखाड्यांचे पट्टे फिरत, रात्र संपेतो ती मिरवणूक चालते. तिच्याही आधीचे एक स्मरण मला या दिवाळी अंकात सांगितलेच पाहिजे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार प्लेगने त्रासलेल्या इंदूरच्या दरबारासाठी काम करीत होते. 1918 मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी एका दिवाळीला निराळीच मिरवणूक काढली. ज्या भागातले लोक आपले रस्ते झाडून स्वच्छ करतील त्या भागातून मिरवणूक जाईल असे जाहीर केले, अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रचंड प्रतिमा करवल्या, आणि शहर झाडणाऱ्या कामगारांना शुभ्र वस्त्रे नेसवून, हार घालून त्या मिरवणुकीतून चालवले. गिरण्यांच्या झांक्यांचा तिच्याशी सरळ संबंध मी जोडीत नाही. पण श्रमणाऱ्या माणसाने शहराच्या मधोमध, दिव्यांच्या उजेडात, मान ताठ ठेवून चालावे ही कल्पना इंदूरच्या रस्त्यांना तेव्हापासून परिचयाची आहे. गिरण्या बंद झाल्या, मालकांचा पैसा थांबला, तरी कामगारांनी वर्गणी गोळा करून आणि महापालिकेकडून मदत मागून झांक्या काढणे सोडले नाही. पगार नसलेल्या माणसांनी सजवलेल्या त्या झांक्यांना गर्दी मात्र पूर्वीइतकीच होत राहिली.

ग्दान्स्कहून परतल्यावर भाद्रपदात मी काकांना भेटायला गेलो. ते घरी नव्हते. एका बंद गिरणीच्या आवारात, पत्र्याच्या शेडमध्ये, झांकीचे काम चालू होते आणि ते तिथे होते. ऐंशी उलटलेली, दृष्टी मंद झालेली. तरी लोखंडी सांगाड्यावर दिव्यांची माळ चढवताना तरुण पोरे त्यांना विचारल्याशिवाय तार जोडीत नव्हती. साचेखात्यात तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारण्याची त्यांची बोटे तशीच चालत होती. मी मोबाइलवर त्यांना छायाचित्रे दाखवली: गंजक्या भिंती, शिरस्त्राणांचे छत, त्या फळ्या. संग्रहालयाच्या शेवटाकडे एक भिंत आहे; पाहुण्यांनी लाल वा पांढऱ्या कागदावर काही लिहून तिच्यावर अडकवायचे, आणि त्या कागदांतूनच सॉलिडॅरिटीची अक्षरे उमटतात. येझी यानिशेव्स्की या चित्रकाराने ती अक्षरे गर्दीतली माणसे एकमेकांना टेकून चालावीत तशी रेखली होती. मी पांढरा कागद घेतला आणि देवनागरीत लिहिले: हुकुमचंद मिल, इंदूर, 5,895. त्या कागदाचे छायाचित्र काकांनी डोळ्यांजवळ धरले, आकडा वाचला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्यांनी विचारले, “त्यांचा तो दरवाजा... आता बंदच असतो का रे?”

मी सांगितले, की नाही, उघडा असतो, लोक त्यातून येतात-जातात, गजांना फुले खोचलेली असतात. काकांनी मान हलवली, मोबाइल माझ्या हाती दिला, आणि खाली लोंबणारी तार उचलून पोराला म्हणाले, “बटन दाब, बघू लागते का.”